चावीचा धबधबा

प्रवासाला निघताना माहितीपुस्तक घरी विसरावं, असं माझं अनुभवांती मत झालं आहे. छत्री विसरली तर माणूस भिजतो, गोळ्या विसरल्या तर बायको बोलते. पण माहितीपुस्तक बरोबर असलं की माणसाला सुखानं काही पाहताच येत नाही. ते पुस्तक नसतं तर फ्रान्समधल्या नीस शहरातला धबधबा मी डोळे भरून पाहिला असता, त्याच्यापुढे उभं राहून फोटो काढून घेतला असता आणि पुण्याला परतल्यावर सोसायटीतल्या चार जणांना तो दाखवून छळलं असतं. त्याऐवजी मी एक नैतिक प्रश्न घेऊन परत आलो. कस्टमवाल्यांनी बॅग उघडून लोणच्याची बरणीसुद्धा हुंगून पाहिली, पण हा माल त्यांच्या हाती लागला नाही.

माझ्यासारखा पेन्शनर नीसला कसा पोचला, हे आधी सांगायला हवं. नीसच्या जवळ सोफिया-अँतिपोलिस नावाची तंत्रज्ञांची एक वसाहत आहे. १९६९ सालापासून ती वाढत गेली आणि आज जगभरचे संगणकवाले तिथं पोटापाण्याला जमलेले आहेत. आमची मुलगी आणि जावई त्यांतलेच. त्यांना मुलगा झाला आणि ऑगस्टात आमची वरात निघाली. वरातीत मी, आमची ही आणि काकू.

काकू अठ्ठ्याहत्तर वर्षांची. गुडघे दोन्ही कामातून गेलेले, जीभ मात्र शाबूत. व्हिसाच्या खिडकीतल्या मुलीनं प्रवासाचा उद्देश विचारला, तेव्हा काकूनं "पणतू" एवढा एकच शब्द उच्चारला आणि असं काही पाहिलं की त्या मुलीनं पुढची कागदपत्रं मागितलीच नाहीत. माझी आई मी चार वर्षांचा असताना गेली. त्याच वर्षी माप ओलांडून काकू घरात आली होती. वडिलांची नोकरी फिरतीची. तेव्हा एकवीस वर्षांच्या त्या नव्या नवरीच्या पदरात सहा महिन्यांच्या आत एक हट्टी, नाक गळणारं पोर पडलं. ते पोर म्हणजे प्रस्तुत लेखक.

नीस ज्या जिल्ह्यात आहे त्याचं नावच मुळी 'समुद्री आल्प्स' असं आहे. आपला सह्याद्री कसा घरंदाज सासऱ्यासारखा समुद्रापासून अंतर राखून उभा असतो. मध्ये सबंध कोकण ठेवतो. इथले आल्प्स सरळ भूमध्य समुद्रात पाय सोडून बसलेले. सकाळी डोंगर चढावा आणि दुपारी समुद्रात डुंबावं, अशी सोय. त्यामुळे या किनाऱ्याला येणाऱ्या माणसानं धबधब्यापर्यंत चालत जायचं, असा एक अलिखित नियम आहे. जो जात नाही तो जावयाच्या नजरेतून उतरतो.

पहिला मान शहरातल्या टेकडीला. तिचं नाव 'किल्ल्याची टेकडी'. उंची जेमतेम नव्वद-ब्याण्णव मीटर. किल्ला कुठे दिसेना, म्हणून पुस्तक उघडलं, तर चौदाव्या लुईनं तो १७०६ मध्येच पाडून टाकलेला! तीनशे वर्षं किल्ला नाही, पण टेकडी किल्ल्याची. आम्हा पुणेकरांना यात नवल वाटायचं कारण नाही. शंभरी गाठलेल्या पुलाला आम्ही अजून 'नवा पूल'च म्हणतो.

टेकडीला लिफ्ट आहे. काकू, ही, मुलगी आणि बाबागाडीतला पणतू लिफ्टनं गेले. मी जावयासमोर पायऱ्या चढलो. माथ्यावरच्या गच्चीला नीत्शे या जर्मन तत्त्वज्ञाचं नाव दिलेलं आहे. तो १८८३ पासून काही हिवाळे नीसला येऊन राहत असे आणि जवळच्या एझ गावाचा खडा चढ चढताना त्याला 'झरथुष्ट्र' या ग्रंथाचा काही भाग सुचला. चढताना त्याला जगाला हादरवणारं तत्त्वज्ञान सुचलं. मला एवढंच सुचलं, की लिफ्ट होती.

आणि त्या गच्चीच्या खाली धबधबा! चांगला रुंद, पांढराशुभ्र, दगडांवरून धो धो कोसळणारा. वाऱ्याबरोबर तुषार अंगावर येत होते. समोर निळा समुद्र, उन्हात तापलेली लाल कौलं, आणि ऑगस्टच्या त्या उकाड्यात एवढं गार पाणी. काकू काठी टेकत पुढे गेली. तुषारांनी भिजलेला हात तिनं डोळ्यांना लावला आणि मग हात जोडले. पाणी दिसलं की ती हात जोडतेच. पुण्यात टँकरलाही जोडते. "एवढ्या लांब आले त्याचं सार्थक झालं बाई," ती हिला म्हणाली.

इथं मी पुस्तकाचं पान उलटलं.

धबधबा कृत्रिम होता. टेकडीवर नदी नाही, ओढा नाही, साधं डबकंसुद्धा नाही. एकोणिसाव्या शतकात उत्तरेकडच्या डोंगरातल्या वेझ्युबी नदीचं पाणी कालव्यानं शहराला आणलं, आणि त्यातलंच थोडं या टेकडीवरून सोडून दिलं. म्हणजे किल्ला नसलेल्या किल्ल्याच्या टेकडीवर नदी नसलेल्या नदीचा धबधबा! कुठेतरी एक चावी असणार आणि ती फिरवणारा एक चावीवाला. आमच्या पेठेतला चावीवाला पहाटे पाणी सोडतो तेव्हा आम्ही बादल्या घेऊन धावतो. हात जोडून फोटो काढत नाही.

पुरणपोळीवर वाटीभर तूप ओतून घ्यावं, बोटं चाटावीत, आणि मग वाढणाऱ्यानं हळूच सांगावं, की तो डालडा होता, तसं माझं झालं. आता प्रश्न असा, की काकूला सांगायचं की नाही? तिनं हात जोडले होते ते देवाच्या करणीला. ती करणी नगरपालिकेची निघाली. मी हिच्या कानाशी लागलो. ही म्हणाली, "अहो, मुळीच बोलू नका. तिला आनंद झालाय ना?" मी म्हणालो, "पण तो आनंद चुकीच्या माहितीवर आधारलेला आहे." त्यावर हिनं, "आपल्या लग्नाच्या वेळी तुमच्याकडच्यांनी दिलेली माहिती..." अशी सुरुवात केली, तेव्हा मी विषय सोडला.

तेवढ्यात कानठळ्या बसतील असा मोठा बार झाला. मी दचकलो, पणतू रडायला लागला. जावई शांत. इथं रोज दुपारी बाराला बार उडवतात म्हणे. १८६० च्या दशकात एक स्कॉटिश गृहस्थ इथं राहत होते. त्यांची बायको बाहेर गप्पांत रमायची आणि जेवणाला उशीर व्हायचा. म्हणून त्यांनी बाराच्या ठोक्याला तोफ उडवायची सोय केली, अशी कथा सांगतात. काकू म्हणाली, "बायकोला घरी बोलवायला तोफ? तुझे काका नुसते खोकायचे."

त्या गडबडीत सांगायचं राहून गेलं. पण तो धबधबा मला झोंबला होता. का, ते माझं मलाही तेव्हा उमगलं नव्हतं. एरवी मी काही निसर्गाचा मोठा भक्त नव्हे. उमेदीच्या वयात लोणावळ्याला भुशी धरणाच्या पायऱ्यांवर दर पावसाळ्यात भिजलो. ते धरण रेल्वेच्या पाण्यासाठी साहेबानं बांधलेलं, हे ठाऊक असूनही कांदाभजी कधी कमी गोड लागली नाहीत. इथं मात्र मी हट्टाला पेटलो. "मला अस्सल धबधबा दाखवा," असं जावयाला बजावलं.

जावई गुणी. रविवारी त्यानं आम्हाला 'लू' नदीच्या दरीत नेलं. 'लू' म्हणजे लांडगा. नदी लांडग्यासारखीच, चुनखडीचा डोंगर कुरतडत समुद्राकडे निघालेली. दरीच्या तोंडाशी एका जुन्या रेल्वेपुलाचे नुसते खांब उभे आहेत. १९४४ मध्ये माघार घेताना जर्मनांनी तो उडवला. वर, पाऊणशे मजले उंच वाटावं अशा कड्याच्या टोकावर, गुर्दों नावाचं गाव घारीच्या घरट्यासारखं चिकटलेलं. समुद्रसपाटीपासून ७६० मीटर. खालून तिथं जाणाऱ्या पायवाटेचं नाव 'स्वर्गाची वाट'.

"बाबा, आपण दोघं चालत जाऊ, बाकीचे गाडीनं येतील," जावई म्हणाला. त्याला 'नाही' म्हणायला जे धैर्य लागतं ते माझ्यात नाही. साडेचारशे मीटरचा चढ. वळणामागून वळण, पायांखाली दगडगोटे, दोन्ही बाजूंना रानटी सुगंधी झुडपं, आणि मागे वळून पाहावं तर खाली समुद्राची निळी रेघ. ही वाट पूर्वी गावकऱ्यांची रोजची होती. मी अर्ध्यावर एका दगडावर बसलो तेव्हा नावाचा अर्थ समजला: चढणाऱ्याला वाटेतच स्वर्ग लाभण्याची शक्यता होती. वर पोचलो तर काकू सावलीत बसून आइस्क्रीम खात होती. मला घामानं निथळताना पाहून म्हणाली, "बाळ्या, स्वर्गाला गाडीरस्ता आहे की रे."

तिथून दरीत उतरून आम्ही खऱ्या धबधब्याकडे निघालो. त्याचं नाव 'कूर्म'. खोटं नाही सांगत. उच्चार अगदी आपल्या कूर्मावतारासारखा. माझी चाल पाहता मला तेच दैवत योग्य होतं. चाळीसेक मीटरचा उभा कडा, शेवाळानं मढलेला, पुस्तकात फोटो असा, की पाहताच अंगावर शहारा यावा. पोचलो. मान वर केली. कड्यावरून एक बारीक धार, शेवाळाला विचारत विचारत, खाली येत होती.

"आपल्या गच्चीवरची टाकी भरून वाहते तेव्हा याहून जास्त पडतं," ही म्हणाली.

चूक धबधब्याची नव्हती, माझी होती. ऑगस्ट म्हणजे धबधब्यांचा हंगाम, हे माझ्या हाडांत भिनलेलं. भूमध्य समुद्राकाठी कारभार उलटा. तिथं पाऊस शरदात आणि हिवाळ्यात. उन्हाळा कोरडा ठणठणीत. आमच्या माळशेजला धबधबे रस्त्यावर येऊन वाहनं धुतात, त्याच दिवसांत तिथले अस्सल धबधबे अंथरूण धरून असतात. त्याच दरीतल्या दुसऱ्या एका धबधब्याला तर तिकीट होतं. म्हणजे हिशेब असा झाला: खोटा धबधबा फुकट, रोजचा आणि भरघोस, खरा धबधबा सुकलेला, नाहीतर पैसे टाकून.

मी त्या बारीक धारेखाली दगडावर बसलो आणि तिथं मला, नीत्शेला चढताना सुचलं तसं नव्हे, पण बसल्या बसल्या, माझं दुखणं सापडलं.

मी सोळा वर्षांचा असतानाची गोष्ट. दुपारी शाळेतून लवकर आलो होतो. माजघरात काकू शेजारच्या बाईंबरोबर तांदूळ निवडत बसली होती. मी दाराआड. काकू म्हणत होती, "खरं सांगू? त्या पोराचा मला आपसूक असा लळा नाही लागला. करायचं म्हणून केलं." मी पाऊल न वाजवता परत फिरलो आणि ओंकारेश्वरापर्यंत जाऊन आलो. ते वाक्य मात्र पंचेचाळीस वर्षं माझ्याबरोबर राहिलं. भांडण झालं की ते आठवे. काकूनं काही चांगलं केलं तर अधिकच आठवे. माझ्या वाट्याला आलेली माया डालडाची होती, असा निकाल मी सोळाव्या वर्षी देऊन ठेवला होता आणि त्यावर अपील मीच चालू दिलं नव्हतं.

आता कूर्माच्या पायथ्याशी बसून जुना हिशेब पुन्हा तपासला. गोवरात चार रात्री उशाशी कोण बसलं होतं? काकू. मॅट्रिकच्या वर्षी पहाटे चारला उठून स्टोव्हला पंप मारून माझा चहा कोण करायचं? काकू. तिला पुढे दोन मुली झाल्या. दिवाळीत मुलींना दोन लाडू तर मला दोन. कधी तीन नाहीत, कधी एक नाही. कुशीत घेतल्याचं आठवत नाही. पण लाडू चुकल्याचंही आठवत नाही. सख्ख्या आयांनासुद्धा हे गणित जमत नाही. मोजून सोडलेलं पाणी होतं, पण एकही दिवस नळ कोरडा नव्हता.

आता कुणी म्हणेल, की मग काय सगळंच खोटं चालवून घ्यायचं? प्लॅस्टिकचं तोरण, दुकानदाराचं हसू, निवडणुकीतला नमस्कार? तर नाही. प्लॅस्टिकच्या फुलामागे पाणी कुठेच नसतं. तिथं नुसता रंग. कालव्याचं तसं नाही. पाणी डोंगराचंच असतं, फक्त ते आपण होऊन आलेलं नसतं. कुणीतरी खडक फोडून आणलेलं असतं. शिवाय जे आपण होऊन येतं ते चांगलंच असतं, हे तरी कुणी सांगितलं? हीच वेझ्युबी नदी ऑक्टोबर २०२० च्या वादळात पिसाळली आणि खोऱ्यातल्या गावांमधली घरंच्या घरं घेऊन गेली. ते पाणी शंभर टक्के अस्सल होतं.

नैसर्गिक धबधबा कोसळतो, कारण त्याला दुसरं काही करताच येत नाही. पाऊस थांबला की तोही थांबतो, आणि त्याला दोष देता येत नाही. चावीचा धबधबा वाहतो तो कुणीतरी चावी बंद केली नाही म्हणून. त्याची भीतीही तीच, की मनात आणलं तर कुणीही ती बंद करू शकतं. एकवीस वर्षांच्या मुलीला तर बंद करायला शंभर कारणं होती.

हे सगळं मला एकसष्टाव्या वर्षी पटलं. सोळाव्या वर्षी पटलं नसतं, आणि त्या सोळा वर्षांच्या पोराला मी आज चूकही म्हणणार नाही. त्या वयात कालव्याचं कौतुक सांगून उपयोग नसतो. पोराला पाऊसच हवा असतो.

परतायच्या आदल्या संध्याकाळी काकू म्हणाली, "तो धबधबा पुन्हा एकदा दाखव." मी विचारलं, "कुठला, कूर्म?" "तो नको. मूत्रखडा झाल्यासारखा वाहत होता. तो टेकडीवरचा."

या खेपेला मीही लिफ्टनं गेलो. आम्ही दोघंच बाकावर बसलो. तुषार अंगावर येत होते. मी म्हणालो, "काकू, हा खरा धबधबा नाही. माणसांनी केलेला आहे."

"मग पाणी कुठलं?"

"पलीकडच्या डोंगरातलं. नदीतून कालवा खणून आणलंय."

"किती वर्षं झाली?"

"दीडशेच्या आसपास."

काकू थोडा वेळ पाण्याकडे पाहत राहिली. "म्हणजे कुणीतरी अजून गाळ काढतंय," ती म्हणाली.

मी धीर केला. माजघर, तांदूळ, दाराआडून ऐकलेलं वाक्य, सगळं सांगून टाकलं. वाटलं, ती नाकबूल करेल किंवा डोळ्यांना पदर लावेल. काकूनं दोन्हींतलं काही केलं नाही.

"म्हटलं असेन. खोटं काय होतं त्यात? एकवीस वर्षांची होते मी. तुझी आई मी पुरती दोन महिनेही पाहिली नव्हती. लळा कुठून आणू? त्यातून तू चावायचास."

"मी चावायचो?"

"हा बघ," म्हणून तिनं मनगट पुढे केलं. सुरकुत्यांत मला काहीच दिसलं नाही. पण मी 'दिसतंय' म्हणालो. सत्याविषयीचा माझा आग्रह तोवर बराच सैल झाला होता.

"आणि पुढे? पुढे लागला का लळा?" मी विचारलं. एकसष्ट वर्षांच्या माणसानं विचारू नये असा प्रश्न, पण विचारला.

"पुढचं बघायला वेळ कुणाला होता?" काकू काठी सावरत उठली. मग माझ्याकडे नीट पाहून तिनं पिशवीतून नॅपकिन काढला. "डोकं पूस आधी. गार वारं सुटलंय. लहानपणापासून तुझं नाक म्हणजे एक कायमचा धबधबाच."

मी मुकाट्यानं डोकं पुसलं. पुसताना एवढंच मनात आलं, की माझ्या आयुष्यातला एकुलता एक नैसर्गिक धबधबा तेवढा हाच, आणि त्याचं कौतुक आजवर कुणीही केलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी बरोबर बारा वाजता बार उडाला, तेव्हा आम्ही सामान बांधत होतो. काकू मला म्हणाली, "चल, पान वाढलंय."